भरीत खाणारा वाघ

शालिग्राम नानांचा वाघ दर वर्षी हातभर वाढायचा. पहिल्या वर्षी तो गोऱ्ह्याएवढा होता, दुसऱ्या वर्षी बैलाएवढा झाला, आणि पुढं पुढं तर अशी वेळ आली की वाघाचं तोंड नानांच्या केळीत आणि शेपूट चोपड्याच्या बस स्टँडवर. तिथं कंडक्टरनं शेपटीला तिकीट विचारलं, असंही काही जण शपथेवर सांगतात.

गाव यावलच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथल्या माणसाला वाघाचं अप्रूप नाही. डोंगर आहे म्हटल्यावर वाघ असणारच. नानांच्या गोष्टीत गावाला खटकायचं ते वेगळंच. नाना म्हणायचे, त्या वाघाच्या बच्च्यानं माझं भरीत खाल्लं.

तेवढं मात्र गावाच्या घशाखाली उतरेना.

"नाना, कांद्याची पात मागितली का हो त्यानं?" पारावरून जीवराम विचारायचा. जीवराम नानांचा बांधाला बांध लावून असलेला शेजारी. जीभ अशी, की नुसत्या बोलण्यानं केळीला पाणी द्यावं. "कळण्याची भाकरी चालली का पुरी पाहिजे म्हणाला?"

पार खदखदायचा, नानाही हसायचे. गावाच्या हसण्याचं त्यांना काहीच नव्हतं. उलट दोन माणसं जास्त हसावीत म्हणून ते वाघाला आणखी वीतभर ओढून लांब करायचे. त्यांचं दुखणं घरात होतं. सुमनबाई, त्यांची बायको, या वाघाला कधीच हसली नाही. आणि तिनं कधी त्याच्यावर विश्वासही ठेवला नाही.

कारण त्या दिवशी भरितासोबत डबा गेला होता.

डबा पितळी, सोनगीरच्या तांबटानं ठोकलेला. सुमनबाई सोनगीरची. लग्नात तिच्या आईनं तो मुद्दाम घडवून घेतला होता, झाकणावर मोराची मूठ बसवून. मोराचा तुरा जरा वाकडा, कारण तांबटाचा हात त्या दिवशी हलला होता म्हणे. इतकी वर्षं इकडे राहूनही सुमनबाईची बोली धुळ्याकडचीच राहिली होती, आणि आईकडून आलेल्या वस्तूंत तो डबाच काय तो उरला होता. तो गेला. नाना म्हणाले, वाघानं नेला. सुमनबाई एवढंच म्हणाली, "वाघ भरीत खास का?" वाघ कधी भरीत खातो का, एवढाच सवाल, आणि मग पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. फडताळात डब्याची जागा मात्र तिनं मोकळी ठेवली. शेजारी तेलाची बरणी, पलीकडे मिठाचा सट, आणि मधे ती गोल जागा. नाना पाणी प्यायला उठले की ती जागा त्यांच्याकडे बघायची.

तिच्या मनात काय आहे, ते नानांना ठाऊक होतं. पत्त्यांच्या अड्ड्यावर हरला, नाहीतर कुणाला तरी देऊन बसला. हजार थापा मारणाऱ्या माणसाची एकच खरी गोष्ट, आणि तीच नेमकी बायकोला खपेना.

आता खरं काय घडलं ते ऐका. नवीन, नानांचा मुलगा, जळगावला बियाण्याच्या कंपनीत. त्यानं एक छोटा डिजिटल कॅमेरा आणला होता. केळीवर करपा पडला होता, पानांचे फोटो कृषी सल्लागाराला दाखवायचे होते. "नाना, हे बटण दाबायचं, बस," एवढं शिकवून तो गेला. नानांनी डबा बांधावर ठेवला, केळीत शिरले आणि करप्याचे ठिपके टिपायला लागले. मागं झाकण वाजलं. कुत्रं असेल म्हणून नाना वळले, आणि वळता वळता बोट बटणावर दाबलं गेलं. कॅमेऱ्याचा दिवा एकदा लुकलुकला आणि सेल संपला. नानांचाही संपायचा राहिला. ते घरी कसे पोचले, ते त्यांचं त्यांना आठवत नाही. जीवरामच्या म्हणण्याप्रमाणे ते केळीच्या शेंड्यांवरून धावत आले.

माणसं काठ्या घेऊन गेली तेव्हा बागेत पाणी सोडलेलं. पावलाचा ठसा नाही, डबा नाही.

फोटो होता. पण नवीनचं लग्न तोंडावर, कॅमेरा लग्नाला हवा. चोपड्याच्या अभिमन फोटोवाल्यानं गर्दीत न बघताच कॅमेरा एका तबकडीवर, म्हणजे सीडीवर, रिकामा करून दिला. लग्न झालं. त्या गडबडीत तबकडी कुणी लावून बघितली नाही. लग्नाचे फोटो घेऊन नाना पुन्हा अभिमनकडे गेले. तो नवी तबकडी काढायला लागला, तशी नानांनी जुनी पुढं केली.

"अरे, ही अर्ध्याहून जास्त कोरी पडली. पडीक ठेवतो का कुणी? केळीत आपण कांदा लावत नाही का? याच्यातच टाक."

अभिमननं टाकलं.

त्या संध्याकाळी नानांनी सगळी गल्ली ओसरीवर बोलावली. टीव्हीला मशीन जोडलं, तबकडी घातली. हळद निघाली, वरात निघाली, पंगत निघाली. वाघाऐवजी निघाला जीवराम, तोही दोन्ही हातांत जिलेबी घेतलेला. मागंपुढं करून पाहिलं, पण लग्नाआधीचा एक फोटो दिसेना. अभिमनला विचारलं तर तो म्हणाला, पुसलं गेलं असेल. सुमनबाई उठून आत गेली. ती तबकडी पुढं लाल दोऱ्यानं ओसरीच्या आढ्याला टांगली गेली, खाली वाळत घातलेल्या दादर ज्वारीवर चिमण्या बसू नयेत म्हणून. चिमण्यांनी तरी तिचा धाक मानला.

वर्षं गेली. वाघ वाढत गेला. आणि आतली गोष्ट सांगायची तर नाना मनातून खचत गेले. सांगून सांगून वाघ इतका मोठा झाला होता, की खरा केवढा होता ते त्यांनाच आठवेना. कधी कधी दुपारी आडवं पडल्यावर वाटायचं, वाघ आला होता का खरंच? का आपणच आपल्या थापेत सापडलो?

यंदा पावसाळ्यात लग्नाच्या अल्बमला वाळवी लागली. नवरदेव उरला, नवरी खाल्ली गेली. ती नवरी म्हणजे नानांची सून दिपमाला. यावलच्या एका शाळेत ती कॉम्प्युटर शिकवते. शाळेनं भंगारात काढलेला एक डबडा कॉम्प्युटर तिनं घरी आणून त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातली होती. सुरू केला की पडद्यावर पेंग्विन यायचा, आणि नाना त्याला रामराम करायचे.

"नाना, ती ओसरीवरची तबकडी काढून द्या बरं," एका रविवारी जेवणं उरकल्यावर ती म्हणाली. "माझे फोटो तरी वाचतील. आताच्या लॅपटॉपला तबकडी घालायला तोंडच नसतं. या म्हाताऱ्याला आहे."

नानांनी दोरा तोडला. दिपमालानं तबकडी खिडकीतल्या उजेडात तिरपी धरली, चरे बघायला. बघता बघता थांबली.

"नाना, हे बघा. मधे ही रेघ दिसते? रेघेच्या आतला रंग वेगळा, बाहेरचा वेगळा."

नानांनी बघितलं. नांगरलेल्या वावराच्या कडेला वखरलेलं वावर असावं, तसे दोन पट्टे. आतला अरुंद, बाहेरचा रुंद, आणि त्यांच्या पलीकडे कोरी जमीन चकाकत होती.

"अभिमननं दोनदा लिहिलं ना," नाना म्हणाले. "पहिलं पुसून."

"पुसून?" दिपमाला हसली. "नाना, ही तबकडी पुसता येतच नाही. उजेडानं डाग देऊन लिहितात हिच्यावर. डागलेलं जनावर पुसता येतं का?"

नाना पाटावरून उठले.

"मग वाघ गेला कुठं?"

"जायचा कुठं? दर वेळी लिहिलं की तबकडीवर नवी पाटी लागते, आत काय काय आहे त्याची. अभिमनभाऊंनी नव्या पाटीवर जुन्याचं नाव घातलंच नसेल. मशीन शेवटची पाटी वाचतं आणि म्हणतं, एवढंच आहे. आतलं आत तसंच पडून असेल. लिनक्सला सांगता येतं, शेवटची सोड, पहिली पाटी वाच."

 म्हणजे इतकी वर्षं वाघ ओसरीवर, नानांच्या डोक्यावर, लाल दोऱ्याला लटकून वाऱ्यानं गरगरत होता? आणि त्याच्या अंगावर सगळं वऱ्हाड बसून जिलेब्या खात होतं?

"नवीनची माय!" ते ओरडले. "इकडं ये!"

सुमनबाई मिरच्या निवडत होती. सूप घेऊनच आली. पाठोपाठ जीवराम आला. त्याला फवारणीचा पंप हवा होता, पण ओसरीवर काही घडू लागलं की जीवरामला आपोआप कामं निघतात.

दिपमालानं पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली. कॉम्प्युटरच्या पोटात तबकडी फिरायला लागली. आधी भुंग्यासारखी, मग कशाला तरी अडली आणि घुर्रर्र करून थांबली, पुन्हा घुर्रर्र केली.  हा आवाज नानांनी ऐकलेला होता.

"गुरगुरतो का हो नाना?" जीवराम म्हणाला. "भरीत मागतो वाटतं."

"उगामुगा बसा," सुमनबाई म्हणाली.

पडद्यावर नावं आली, ओळीनं. दिपमालानं पहिलं उघडलं. केळीचं पान, त्याच्यावर करप्याचे ठिपके. दुसरं उघडलं तर पुन्हा करपा, आणि तिसऱ्यात करप्यासोबत नानांचा अंगठा. शेवटचं उघडायला वेळ लागला. ते वरून खाली, पडदा सोडावा तसं येऊ लागलं. आधी आभाळाचा तुकडा आला. मग केळीची पानं, वाऱ्यानं फाटलेली. मग घड. आणि घडाच्या खाली दोन डोळे.



ती वाघीण होती. बैलाएवढी नव्हती, गोऱ्ह्याएवढीही नव्हती. पण केळीच्या हिरव्या अंधारात ती अशी उभी होती, की बाग तिची आणि आपण पाहुणे. पानांच्या सावल्यांचे पट्टे कुठं संपतात आणि तिचे कुठं सुरू होतात, ते कळेना. ती सरळ बघत होती. इतकी वर्षं अंधारात, तबकडीच्या आतल्या वर्तुळात, ती नानांकडेच बघत उभी राहिली होती. पापणीही लवली नव्हती.

जीवरामच्या हातातला तंबाखू तसाच राहिला.

नाना खाली बसले. त्यांच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते असं: आपण सांगितलं त्याच्यापेक्षा हे मोठं आहे. हातानं मोजायच्या मापात हे बसतच नव्हतं, उगाच लांबी वाढवत बसलो.

"बापा रे," जीवराम हळूच म्हणाला. मग त्याला आपली जीभ आठवली. "पण असे फोटो कुठूनही आणून घालता येतात."

"जीवरामभाऊ, हे तुमच्याच बांधालगतचं आहे," दिपमाला म्हणाली. "मागं तुमची पत्र्याची खोपी बघा. पत्र्यावर तुम्ही पांढऱ्या रंगानं तुमचं नाव लिहिलेलं, आणि पत्रा उलटा लावलेला."

जीवरामनं बघितलं. पत्रा त्याचाच होता. त्यानं तंबाखू तोंडात टाकला आणि गप्प बसला. गावाच्या इतिहासात ही नोंद घ्यावी अशी गोष्ट.

नानांनी सुमनबाईकडे बघितलं. ती सूप मांडीवर घेऊन पडद्याकडे टक लावून होती.

"वाघ शे," ती म्हणाली. "पण मन्हा डबा कोठे शे?"

वाघिणीच्या छातीखालून फोटो नुसता राखाडी होता. भिंतीवर पोतेरा फिरवावा तसा. तबकडीवर नेमक्या तिथं चरा होता, आणि कॉम्प्युटरला पुढचं वाचता येईना. बांध त्या राखाडीखाली होता. डबा असला तर तोही.

नानांना वाटलं, हे तर आधीपेक्षा वाईट झालं. गावाला वाघ मिळाला. आता उद्या गाव हार घालील. आणि घरात ती गोल जागा आहे तशीच राहील.

"पोरी, काही कर," ते म्हणाले. थापाड्या माणसाचा आवाज असा साधा निघाला, की दिपमालानं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"बघते. आई, जुनं मऊ लुगडं आहे का? धुतलेलं?"

सुमनबाईनं आतून धडपा आणला. दिपमालानं दाखवलं, मधून कडेला सरळ पुसायचं, गोल नाही फिरवायचं. सुमनबाईनं तबकडी बोटांच्या टोकांवर तोलली आणि नातवाचं तोंड पुसावं तशी पुसली. ओसरीवरची इतक्या वर्षांची धूळ धडप्यावर आली. चरा मात्र राहिलाच.

"आता मी त्याला सांगते, एका दमात वाचू नको," दिपमाला म्हणाली. "चांगलं आहे ते आधी उचल. खराब जागा सोडून पुढं जा. मग उलट बाजूनं ये. मग पुन्हा."

"वखराची उभी पाळी, आडवी पाळी," नाना म्हणाले.

"तसंच."

तबकडी आत गेली. घुर्रर्र. थांबली. पुन्हा घुर्रर्र. पडद्यावरचा, न वाचलेल्या तुकड्यांचा आकडा कधी एकानं कमी व्हायचा, कधी ढिम्म हलायचा नाही. बाहेर ऊन कलायला लागलं. जीवराम पंप विसरून बसला होता. सुमनबाईनं मिरच्या निवडून संपवल्या आणि निवडलेल्या पुन्हा निवडायला घेतल्या. नाना पडद्यासमोरून हलले नाहीत. लग्न झाल्यापासून हा माणूस इतका वेळ गप्प बसलेला तिनं पहिल्यांदा बघितला असावा, कारण मधेच तिनं पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

आकडा शून्याजवळ येऊन थांबला. दिपमालानं फोटो पुन्हा उघडला.

आभाळ. पानं. घड. डोळे. छाती. आणि राखाडीच्या जागी, एक दोन ओळी चिरफाळलेल्या सोडल्या तर, ओला बांध.

बांधावर वाघाचं पिल्लू बसलं होतं. त्याचं अख्खं तोंड पितळी डब्यात. डबा वाकडा झालेला आणि पिल्लाचे कान डब्याच्या दोन बाजूंना कड्यांसारखे उभे. त्याच्या मागं दुसरं पिल्लू, नाकावर भरिताचा हिरवट गोळा, आणि डोळे मिचकावलेले, तिखट लागल्यावर मिचकावतात तसे. तिसरं पिल्लू केळीच्या बुंध्याआडून बघत होतं, आपला नंबर कधी लागतो म्हणून.

"तीन!" नाना म्हणाले. "मी तर एकच वाघ सांगत होतो!"

अशी ही मजा. जन्मभर ज्यानं प्रत्येक गोष्ट वाढवून सांगितली, त्यानं या एका गोष्टीत लांबी वाढवली आणि संख्या कमी सांगितली. भीतीनं एकच वाघ दिसला होता. कॅमेऱ्याला भीती नव्हती.

सुमनबाई उठली. पडद्याजवळ गेली. बांधाच्या कडेला, चिखलात, झाकण पडलं होतं. तिनं बोट लावलं. झाकणावर मोर होता, अन् त्याचा तुरा वाकडा.

"हाऊ मोर मन्हा शे," ती म्हणाली. "मन्ही मायना मोर."

तिचं बोट तिथंच राहिलं. काचेच्या त्या बाजूला वाघीण, या बाजूला सोनगीरची म्हातारी, आणि दोघींच्या मधे तो मोर.  मग ती नानांकडे वळली. आता काय बोलते म्हणून नाना पाटाची कड धरून बसले.

"तुम्हीन खरं बोलेल व्हतात," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "भरीत तिखं व्हतं का?"

"तुझं भरीत तिखट नव्हतं कधी?" नाना म्हणाले. "तिला तीन लेकरं सांभाळायची होती म्हणून, नाहीतर ती तुला जाब विचारायला घरी आली असती."

सुमनबाई हसली. वाघावर पहिल्यांदा.

मग दिपमालानं कोरी तबकडी काढली. जुनीचा आता भरवसा नाही, नवी डागायची. करपा, वाघीण, लग्न, सगळं एका पाटीवर. "आता फिरताना धक्का द्यायचा नाही," ती म्हणाली. सुमनबाईनं मान डोलावली. विरजण लावलेलं भांडं हलवू नये, एवढं तिला कुणी सांगायला नको होतं. जीवरामला तिनं ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं आणि शिंक आली तर बाहेर जा म्हणाली.

बटण दाबायच्या आधी दिपमाला थांबली.

"नाना, हा विचारतोय. तबकडी उघडी ठेवू का बंद करू? उघडी ठेवली तर पुढं आणखी काही घालता येईल. बंद केली तर आहे तेच कायमचं."

नानांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. जागा बरीच शिल्लक होती. पडीक ठेवतो का कुणी? त्यांनी तोंड उघडलं.

"बंद करी टाक, बेटी," सुमनबाई म्हणाली. "नहीते ह्या उद्या तेम्हा हत्ती घालतीन."

जीवराम ओसरीच्या टोकावरून मोठ्यानं हसला, आणि हसल्याबद्दल त्याला अंगणात घालवण्यात आलं.

आत तांबडा उजेड पेटला असणार, दिसला कुणालाच नाही. नुसता एकसुरी आवाज, आणि पडद्यावर सरकणारी पट्टी. नाना कान लावून बसले. आत कुठंतरी उजेडाचं टोक वर्तुळात फिरत होतं, वाघीण पुन्हा एकदा डागत होतं, पट्ट्यानं पट्टा. मग पिल्लं. मग डबा. मग मोर, वाकड्या तुऱ्यासकट. लिहून झाल्यावर कॉम्प्युटरनं सगळं पहिल्यापासून वाचून जुळवून पाहिलं, आणि जुळलं, असं सांगितलं. तबकडीचा खण आपोआप पुढं आला.

सुमनबाईनं तबकडी उचलली. ती कोमट होती, तव्यावरून काढून जरा वेळ ठेवलेल्या भाकरीसारखी. तिनं ती स्वच्छ फडक्यात गुंडाळली, चार कोपरे आत दुमडले, आणि आत गेली. फडताळाचं दार वाजलं. तेलाची बरणी हलल्याचा आवाज आला नाही, मिठाच्या सटाचाही नाही. जागा मोकळीच होती.

दुसऱ्या दिवशी तिनं भरीत केलं. पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजली, मिरच्या कमी घातल्या आणि स्टीलचा डबा नानांच्या हातात दिला.

"हाऊ डबा परत लया," ती म्हणाली. "कोन्हीबी मांगो."